पन्नासच्या लेन्सला बायका दिसेनात

जवळा बाजारात सगळे त्याला फोटोवाला प्रभू म्हणत. त्याचं स्वतःचं मत मात्र असं, की आपण अजून फोटोवाला झालेलोच नाही. खताच्या दुकानाला लागून त्याचा गाळा होता. पासपोर्ट, बारसं, साखरपुडा, हात जोडून उभे राहिलेले पुढारी, सगळ्यांचे फोटो तिथं निघत आणि कुणाची फारशी तक्रार नसे. पण एकदा कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सनं त्यानं एका नवरीचा फोटो फारच जवळून काढला. तिचं नाक चेहऱ्याच्या पुढं धावत सुटल्यासारखं आलं. नवरीच्या आत्यानं भर बाजारात जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि त्या दिवसापासून प्रभूच्या डोक्यात नव्या लेन्सचं खूळ शिरलं.

खूळ म्हणजे खूळच. ताटावर बसला तरी मोबाइलवर लेन्सचे व्हिडिओ. एक दाढीवाला सांगायचा, चेहरा काढायचा तर पंच्याऐंशीची लेन्स. दुसरा म्हणायचा, ती आत फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या कॅमेऱ्याला. तुझा सेन्सर छोटा, तू पन्नासची घे, ती तुझ्याकडं पंच्याहत्तरसारखी वागेल. तिसरा शपथेवर सांगायचा, खोली लहान असेल तर पस्तीसच. सगळ्यांचं एकमत एवढ्यावरच, की या प्राइम लेन्सला झूम नसतो. माणूस लहान-मोठा दिसायला हवा तर आपणच चालत मागं-पुढं व्हायचं. पन्नासवर पन्नास लिहिलेलं असताना ती पंच्याहत्तर कशी होते, हे काही प्रभूला उमगेना. शेवटी त्यानं वडिलांना विचारलं. रामप्रसादरावांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता, म्हणून ते न अडखळता बोलले.

"तुझ्या आजोळची पायली अन् आपली पायली एक व्हती का? नाव एकच. माप ज्याच्या-त्याच्या घरचं."

तिन्ही दाढीवाल्यांपेक्षा हे बरं होतं. तरी पूर्ण कळलं असं नाहीच. "घ्या एकदाची ती लेन्स," त्याची बायको साधना म्हणाली, "न्हाई तं तुमी भाजीत मीठ किती पडलं ते बी त्या मोबाइललाच इचारसाल." मग नांदेडला जाऊन त्यानं पन्नासची आणली. पस्तीस आणि पंच्याऐंशी यांच्या मधली आहे, म्हणजे फार चुकणार तर नाही, एवढाच त्यामागचा विचार. दुकानदारानं लेन्सच्या भोकाचा आकडा एक पॉइंट आठवर आणून दाखवला आणि म्हणाला, आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त, आणि माणसाच्या मागचं सगळं धुरकट. लहान आकडा, मोठं भोक. प्रभू बसमध्ये बसून हेच घोकत घरी आला, आणि वाटेत दोनदा उलटं घोकलं.

बाजाराच्या दिवशी मसाजी त्याच्या गाळ्यावर आले. मसाजी म्हणजे गावाबाहेर राहणारे, मेंढरं राखणारे, थोडी शेती असलेले. नात्यानं लांबचे, पण प्रभू त्यांना मामा म्हणायचा. त्यांच्या मागं चंद्रभागाबाई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी एका हातानं गालापाशी धरला होता.

"प्रभू, तुझ्या मामीचा फोटू काढायचाय," मसाजी म्हणाले. "परवा संभाजीनगरला नेऊन राह्यलो. जबड्यात गाठ हाय. डॉक्टर म्हन्ला, हाड काढावं लागंल अन् वरची कातडी बी."

चंद्रभागाबाईंनी पदर जरा बाजूला केला. हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके होते, लहानपणी कुणीतरी टोचलेले, आता वयानं जरा पसरलेले. त्याच जागेवरची कातडी जाणार होती.

"बाईमाणूस वर जातं तवा संगं काहीच न्हेता येत न्हाई," त्या म्हणाल्या. बोलताना दुखत होतं, म्हणून हळू बोलत होत्या. "डोरलं काढून घेतेत, पाटल्या काढून घेतेत. गोंदण तेवढं जातं. आता ते बी काढणार म्हन्तेत. कुठं तरी राहू दे, बाबा. फोटूत तं राहू दे."

प्रभूनं खुर्ची पुढं ओढली. एवढ्या विश्वासानं त्याच्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं. "मामी, बसा खुर्चीवर. आत्ता काढतो," तो म्हणाला.

पण चंद्रभागाबाई बसेनात. "एकटीचा न्हाई. एकटीचा फोटू हार घालाया काढतेत. ह्यांच्यासंगं काढ."

आता पन्नासची लेन्स आणि प्रभूचा गाळा यांचं काही जमेना. दोघं मावावीत म्हणून तो मागं सरकला, भिंतीला टेकला, दार उघडून पायरीवर गेला, पायरी उतरून रस्त्यावर आला, तरी मसाजींच्या पागोट्याचं टोक कापलं जातच होतं. मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. शेवटी ठरलं, की संध्याकाळी मसाजींच्या शेतात, मेंढरं बसवली आहेत तिथं, मोकळ्यात फोटो काढायचा.

तिथं दुसरीच गंमत. प्रभू मागं सरकला की मसाजी पुढं चालत यायचे. माणूस आपल्याशी बोलता बोलता मागं जातोय आणि आपण जागच्या जागी ठोंब्यासारखं उभं राहायचं, हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मसाजी पुढं आले की त्यांच्या मागून चंद्रभागाबाई. असं करत तिघं बांधापर्यंत आले. मेंढरं बघत राहिली. "मामा, हलू नका, तुमाला शपथ हाय!" असं प्रभू ओरडला तेव्हा कुठं मसाजी थांबले. उतरतं ऊन दोघांच्या तोंडावर होतं. प्रभूनं आकडा एक पॉइंट आठवर आणला आणि भराभर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळं छान दिसलं. मागची बाभळ धुरात विरघळावी तशी झाली होती. प्रभू इतका खूश झाला, की घरी जाताना शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फोटो कॉम्प्युटरवर उघडले. मसाजींच्या मिशीचा केस न् केस मोजावा इतका साफ. पागोट्याची घडी साफ. आणि चंद्रभागाबाई धुरकट. डोळे कुठं आणि पापणी कुठं कळत नव्हतं, आणि हनुवटीवर हिरवट डागाशिवाय काही नव्हतं. त्यानं पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. सगळ्या फोटोंत तेच.

त्याला वाटलं, लेन्स खराब लागली. अंगणात जाऊन त्यानं पाण्याचे दोन जार शेजारी-शेजारी ठेवले, फोटो काढला. दोन्ही जार साफ. मग वडिलांना उभं केलं आणि घराशेजारच्या दुकानातल्या सुदामला त्यांच्या शेजारी. दोघंही साफ, सुदामच्या दातातली सुपारीसुद्धा साफ. मग वडील आणि साधना. वडील साफ, साधना धुरकट.

प्रभूचं डोकं गरगरलं. त्यानं पुन्हा काढून बघितला. पुन्हा वडील साफ, साधना धुरकट. त्यानं लेन्स काढली, फुंकर मारली, बसवली, आणि पुन्हा तेच. जार दिसत होते, सुदाम दिसत होता, फक्त बायका दिसत नव्हत्या. असली लेन्स असू शकते का? या लेन्सबद्दल कुठल्याच दाढीवाल्यानं काही सांगितलं नव्हतं. त्यानं नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला.

"भाऊ, ह्या लेन्सला बायका दिसून नाही राहिल्या."

पलीकडून त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग दुकानदार म्हणाला, "भैया, लेन्स को क्या मालूम कौन औरत है, कौन मर्द है? दोनों को बराबर खडा करो."

"बराबरच उभे केलेत."

"नाही, केले नाहीत. नाही तर आकडा वाढवा, आठवर न्या. पुढचा-मागचा, सगळे साफ येतील. पण मग उजेड लागतो भरपूर." आणि त्यानं फोन ठेवला.

बराबर उभे केलेत, प्रभू स्वतःशीच चिडून बोलला. मी काय आंधळा आहे का? त्यानं कॅमेरा तिपाईवर लावला, अंगणात खुर्ची ठेवून तिच्यावर फोकस धरला, खुर्ची उचलली, टायमर लावला आणि पळत जाऊन खुर्चीच्या जागी उभा राहिला. "ये, माझ्या शेजारी उभी राहा," तो साधनाला म्हणाला. साधना बी.ए. झालेली, बचत गटाची सचिव, चार माणसांत तोंड उघडायला न घाबरणारी. ती येऊन उभी राहिली. फोटो निघाला. प्रभू साफ, आणि साधना धुरकट.

आता मात्र त्याला रडू यायचं बाकी राहिलं. साधनानं पडद्यावर बघितलं, मग अंगणाकडं बघितलं. धूळ बसावी म्हणून तिनं थोड्या वेळापूर्वीच पाणी शिंपडलं होतं. ओल्या मातीत चपलांचे ठसे अजून ताजे होते. प्रभूचे दोन आणि तिचे दोन. तिचे शेजारीच होते, पण एक पाऊल मागं.

"तू मागं काहून उभी राह्यली?" प्रभूनं विचारलं.

"मी कुठं मागं? तुमच्या शेजारीच तं हाव."

"हे बघ की ठसे."

साधना ठशांकडं बघत राहिली. तिलाही ते खरं वाटेना. "मला न्हाई कळलं," ती शेवटी म्हणाली. "असंच उभं राहतो की आमी. शाळेच्या कार्यक्रमात, लग्नात, सगळीकडं. अन् तुमी काहून नेहमी म्होरं असता, ते बी सांगा."

प्रभू पुन्हा पडद्याकडं वळला. त्यानं आतापर्यंत शेकडो जोडप्यांचे फोटो काढले होते. जुनी लेन्स, मोठा आकडा, झगझगीत फ्लॅश. पुढचं-मागचं सगळं सारखंच साफ यायचं, म्हणून कधी दिसलंच नव्हतं. आणि दोघांच्या फोटोत फोकसचा ठिपका तो दरवेळी गड्याच्या डोळ्यावर ठेवायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप तिकडं जायचा. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण उद्या पहाटेच्या बसनं चंद्रभागाबाई जाणार होत्या.

त्यानं मसाजींना फोन केला. "मामा, फोटो बिघडले. पुन्हा काढावे लागतेत." मसाजी म्हणाले, आता मेंढरं भावाच्या स्वाधीन करायचीत, सामान बांधायचंय, तू सकाळी बसथांब्यावरच ये.

पहाटे प्रभू पोचला तेव्हा थांब्यावर धड उजाडलेलंही नव्हतं. हवेत गारठा होता. चहाच्या टपरीचा एक दिवा आणि पूर्वेला थोडी फिकट रेघ. मसाजी, चंद्रभागाबाई आणि त्यांची लेक शिवकन्या पिशव्या घेऊन उभे होते. शिवकन्या सासरहून आईला न्यायला आली होती. "भाऊ, बस येईलच," ती म्हणाली. "लवकर काढ."

प्रभूनं दुकानदाराचं ऐकून आकडा आठवर नेला. फोटो काळाकुट्ट आला, आणि जो दिसला तो हललेला. फ्लॅश लावला. पहिल्याच झोताला चंद्रभागाबाईंनी डोळे गच्च मिटले, दुसऱ्याला तोंड फिरवलं, आणि चेहरा असा पांढरा पडला की गोंदणाचा पत्ताच नाही. जुनी लेन्स लावून बघितली. तिला तर एवढा उजेड अगदीच पुरेना. पुन्हा पन्नासची, पुन्हा एक पॉइंट आठ. दुसरा रस्ता नव्हता.

"मामी, मामाच्या अगदी बरोबरीनं उभ्या राहा. पायाला पाय लावून."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. प्रभूनं कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत त्या मागं सरकलेल्या. त्यानं जवळ जाऊन पुन्हा पाय जुळवून दिले. पुन्हा तेच. "आई, अगं सरक की पुढं," शिवकन्या कळवळून म्हणाली. "सरकलेच की," आई म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं. मग मसाजींना एक पाऊल मागं घ्यायला सांगितलं. ते मागं आले तशा चंद्रभागाबाईही मागं गेल्या. टपरीवाला हसायला लागला. प्रभूला घाम फुटला. लांबून बसचा आवाज येत होता की ट्रकचा, तेही कळेना.

तो थांबला. दोघांपैकी एकच साफ येणार. हे आता त्याला कळलं होतं, आणि या सगळ्या घोळात त्याला पक्कं कळलेलं तेवढंच होतं. त्यानं फोकसचा ठिपका उचलला आणि मागं उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यावर नेऊन ठेवला.

"मामा, खरं सांगतो. ह्याच्यात तुमी धुरकट येसाल. मामी साफ येतील."

"यऊ दे," मसाजी म्हणाले.

"न्हाई, न्हाई!" चंद्रभागाबाई कधी नव्हे त्या जोरात बोलल्या आणि दुखलं म्हणून गाल धरला. "ह्यांना धुरकट करून मी कशाला नीट? नको मला फोटू. चल शिवकन्या."

मसाजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. आयुष्यभर ते पुढं चालले होते, मेंढरांच्या पुढं, बायकोच्या पुढं. मागचं आपोआप येतंय हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ते वळले. कॅमेऱ्याकडं पाठ केली आणि बायकोच्या तोंडाकडं बघायला लागले.

"कुठंशी हाय ते गोंदण?" ते म्हणाले. "मी बी बघून घेतो एकदा. इतक्या वर्षांत नीट बघितलंच न्हाई."

"अवो, लोकं बघून राह्यले," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा गालावरचा हात खाली आला. त्या हसल्या. दुखत असणार, पण हसल्या. प्रभूनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि तोवर बस येऊन थांबली. पिशव्या चढल्या, माणसं चढली. बस निघून गेल्यावर त्यानं फोटो पडद्यावर मोठा करून बघितला. या वेळी तो खूप वेळ बघत राहिला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, पापण्या, हनुवटीवरचा एकेक हिरवा ठिपका, सगळं होतं. पुढं एका बाजूला पागोट्याचा आणि मानेचा पांढरट धूर, तेवढेच मसाजी.

ऑपरेशन झालं. बरेच दिवस ती मंडळी तिकडंच होती. प्रभूनं फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवून ठेवला. या काळात दुकानात जोडपी येत, आणि तो त्यांना उभं करताना बाईला आधी उभं करी, मग गड्याला तिच्या शेजारी. काही जोडप्यांना ते विचित्र वाटे. त्यालाही अजून पूर्ण जमत नव्हतं; कधी ठिपका जुन्याच ठिकाणी जाई आणि त्याला तो हातानं ओढून आणावा लागे.

मग एका बाजाराच्या दिवशी मसाजी आणि चंद्रभागाबाई गाळ्यावर आले. बाईंनी नाकाखालचं सगळं तोंड पदरानं झाकलं होतं. प्रभूनं फ्रेम पुढं केली. त्या ती हातात घेऊन उभ्या राहिल्या. डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत. पदराआडून काहीतरी बोलल्या. शब्द असा कुठलाच फुटला नाही, नुसता घोगरा आवाज. प्रभूनं मसाजींकडं बघितलं.

"मला बी न्हाई कळत ती काय म्हन्ते," मसाजी म्हणाले. "डॉक्टर म्हन्ला, सवयीनं थोडं थोडं सुधारंल." मग फोटोकडं बघून म्हणाले, "माझं तं नुसतं पागोटंच आलंय बघ." चंद्रभागाबाईंचे डोळे हसले, आणि त्यांनी फ्रेम छातीशी धरली.

मसाजींनी ती त्यांच्या हातातून घेतली, काखेत मारली आणि निघाले. प्रभू दारापर्यंत आला. बाजारात गर्दी होती. मसाजी बायकोच्या अगदी बरोबरीनं चालत होते, खांद्याला खांदा लागेल इतके. गर्दीत जागा नव्हती, माणसं आदळत होती, तरी ते पुढं होत नव्हते. चंद्रभागाबाई सवयीनं मागं राहिल्या की तेही थांबत.

"मामा, मामीला होऊ द्या की म्होरं-मागं, वाट न्हाई तिथं," प्रभू मागून म्हणाला.

मसाजी वळून म्हणाले, "आधी मागून हाका मारायची रे ती. अवो थांबा, अवो हळू. आता तिला हाक मारता येत न्हाई. मागं राह्यली तं मला कळणार कसं?"

आणि ते दोघं गर्दीतून तसेच, शेजारी-शेजारी, घराकडं गेले.